घड्याळाखालचं दार

केटल क्रॉसिंगमधल्या बहुतेक तळघरांत ओरेस्ट हावरिलक जाऊन आलेला आहे. घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करण्याचा त्याचा आणि मेहुण्याचा भागीदारीतला धंदा. तो उन्हाळ्यापासून पहिल्या बर्फापर्यंत. त्यानंतर भट्ट्या मेहुणा बघायचा आणि ओरेस्ट गावच्या मिलर्स या आइस हॉकी संघाच्या जाळ्यासमोर उभा राहायचा. भट्टीचं झाकण काढून तो गुडघ्यांवर बसलेला असताना जिन्यातून हमखास कोणीतरी विचारायचं, गेल्या हंगामातला तो अमुक गोल कसा काय आत गेला. ओरेस्टच्या दातांत टॉर्च असे, त्यामुळे उत्तर द्यायची वेळ येत नसे.

आइस हॉकीतल्या गोलीने, म्हणजे गोलरक्षकाने, अडतिसाव्या वर्षापर्यंत टिकणं अगदीच अशक्य नाही, पण गुडघे तसं म्हणत नाहीत. ओरेस्टच्या एका गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती, आणि दुसऱ्यावर व्हायला हवी होती ती झाली नव्हती. सकाळी तो स्वयंपाकघरात यायचा तो भिंतीला हात लावत. त्याची बायको ग्लेंडा शाळेची बस चालवते, त्यामुळे पहाटेच उठलेली असते. पाऊल कसं वाजतं त्यावरून ती आदल्या दिवशी किती पक, म्हणजे खेळातल्या त्या टणक रबरी चकत्या, अंगावर आले असतील याचा अंदाज बांधायची आणि तो सहसा बरोबर निघायचा. हा हंगाम शेवटचा, हे दोघांचं ठरलेलं होतं. त्याने ते गावात कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त एवढंच मनाशी धरलं होतं की शेवटचा सामना इथे, या बर्फावर खेळायचा, आणि खेळून संपवायचा. बाकावर बसून नाही.

बाकाचं कारण होतं कोल्बी ल्यूकन नावाचा दुसरा गोली. बावीस वर्षांचा, लांब पायांचा, बोलायला कमी. प्रत्येक संघ दोन गोली ठेवतो. एक खेळतो आणि दुसरा बाकाच्या टोकाला बसून दार उघडतो. खेळाडू दर मिनिटाला आत-बाहेर करतात, त्यांच्यासाठी बर्फाभोवतीच्या फळीतल्या दाराची कडी काढणं आणि लावणं हे खेळत नसलेल्या गोलीचं काम. कोणी नेमून दिलेलं नाही, पण ते दुसऱ्या कोणी केलेलं ओरेस्टने कधी पाहिलं नव्हतं. दोन हंगाम ल्यूकनने त्याच्यासाठी दार उघडलं होतं. या हंगामात नाताळनंतर ओरेस्ट ल्यूकनसाठी उघडू लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, खेळाडूंची अदलाबदल करण्याची मुदत संपत आली तेव्हा, ड्वेन पेल्टियर घरी आला. पेल्टियर मिलर्सचा प्रशिक्षक आणि व्यवस्थापक, दोन्ही. एवढ्या लहान गावात दोन माणसं परवडत नाहीत. एके काळी तो ओरेस्टच्या समोर बचावाला खेळायचा आणि त्याच्या नाकाचं हाड ओरेस्टच्याच काठीने मोडलेलं होतं. एरवी तो बोलायचं असलं की मैदानावरच्या खोलीत बोलवायचा. घरी आला, बूट काढले, टेबलाशी बसला आणि ग्लेंडाने पुढे ठेवलेलं बीटचं सूप संपवलं. मग आपल्या घरची भट्टी रात्रभर खडखडते म्हणाला. ओरेस्ट म्हणाला, पट्टा सैल झाला असेल, येऊन बघतो. पेल्टियरने मान हलवली, पण उठला नाही, तेव्हा ग्लेंडाने कपडे वाळले का ते बघायला जाते म्हणून सांगितलं आणि गेली.

"पोर्ट अँगसच्या गोलीचा गुडघा गेला," पेल्टियर म्हणाला.

"ऐकलं."

"त्यांना हंगाम संपेपर्यंत कोणीतरी हवाय."

ओरेस्टने त्याची वाटी उचलून मोरीत ठेवली. पुढचं त्याला कळलं होतं, पण पेल्टियरला ते स्वतः म्हणू द्यायचं त्याने ठरवलं.

भानगड पगाराच्या मर्यादेची होती. या लीगमध्ये प्रत्येक संघाने सगळ्या खेळाडूंना मिळून आठवड्याला एका ठरावीक रकमेपेक्षा जास्त द्यायचं नाही, असा नियम आहे. केटल क्रॉसिंगसारख्या गावांना मोठ्या शहरांनी खाऊन टाकू नये म्हणून तो केलेला. मिलर्सचा बचाव दुबळा होता. पेल्टियरला एक चांगला बचावपटू मिळत होता, आणि तो आला तर बाद फेरीत संघ दोन पावलं पुढे जाईल असं त्याला वाटत होतं. ओरेस्टलाही तसंच वाटत होतं. जाळ्यासमोर उभं राहून बचाव किती दुबळा आहे ते त्याच्याइतकं जवळून कोणी पाहत नव्हतं. पण मर्यादेखाली जागा नव्हती. जागा अडवून बसलेल्यांत सर्वांत महाग होता स्वतः ओरेस्ट, आणि तो निम्मे सामने दार उघडत होता.

"मग माझा पगार कमी कर," ओरेस्ट म्हणाला. "ल्यूकनएवढा दे. मी काही म्हणणार नाही."

पेल्टियर हसला, आणि हसल्याबद्दल वाईट वाटल्यासारखा थांबला.

"नाही देता येत, हॅव," तो म्हणाला. हावरिलकचा हॅव त्यानेच केलेला. " जुन्या खेळाडूला ठरलेल्या आकड्याच्या खाली घेता येत नाही. खालची हद्द आहे."

"हो, पण मी स्वतः सही करून दिली तर?"

"तरी नाही. कोणी आणली ती हद्द, आठवतंय का?"

आठवत होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी ओरेस्ट खेळाडूंच्या संघटनेत मिलर्सचा प्रतिनिधी होता. तेव्हा मालक मंडळी म्हाताऱ्या खेळाडूंना बोलावून सांगत, अर्ध्यात खेळ नाहीतर घरी बस. ओरेस्टने दोन वर्षं सगळ्या गावांत बसने फिरून मतं गोळा केली होती आणि अनुभवी खेळाडूचा किमान पगार करारात घालून घेतला होता. खेळाडू स्वतः राजी झाला तरी तो सोडता येऊ नये, हे कलमही त्याच्याच आग्रहाने आलं. कारण दडपण आणलं की माणूस कशालाही राजी होतो, हे त्याने बैठकीत उभं राहून सांगितलं होतं. तेव्हा पेल्टियरनेच सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या होत्या.

ओरेस्ट संमती देत नाही तोवर त्याला कुठे पाठवता येणार नाही, हेही करारात होतं. म्हणून तर पेल्टियर घरी आला होता. तो म्हणाला, तू नाही म्हणालास तर विषय संपला, मी बाहेर कोणाला बोलणार नाही. आणि हा माणूस तसं वागेल, याबद्दल ओरेस्टला शंका नव्हती. पोर्ट अँगसकडेही मर्यादेखाली पुरती जागा नव्हती, त्यामुळे ओरेस्टचा निम्मा पगार मिलर्सच देत राहणार होते. नियमात तशी सोय आहे. माणूस जातो, त्याच्या पगाराचा अर्धा भाग मागे राहतो. उरलेल्या अर्ध्या जागेत तो बचावपटू मावत होता, जेमतेम.

"इथे राहिलो तर किती खेळेन?" ओरेस्टने विचारलं.

"पोरगा आता तुझ्यापेक्षा चांगला आहे," पेल्टियर म्हणाला.

"ते मी नाही विचारलं."

"फार नाही. ल्यूकन पडला तर."

ओरेस्ट उठला आणि फ्रिजवर लावलेल्या सामन्यांच्या तक्त्यापाशी गेला. दर वर्षी ग्लेंडा तो तिथे लावते, कुठल्या शनिवारी जेवण घरी आणि कुठल्या शनिवारी बसमध्ये ते कळावं म्हणून. त्याने बोट खाली नेलं. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी केटल क्रॉसिंगला पाहुणा संघ होता पोर्ट अँगस.

"त्या दिवशी मला खेळवायचं," तो म्हणाला. "त्यांच्या कोचकडून तसं वदवून घे. मग जातो."

"आणि ग्लेंडा?"

"तिला विचारतो. पण दार उघडायला एवढा पगार घेणं मला नाही जमणार, पेल्टी. आणि कमी घ्यायचं दार मीच बंद करून बसलोय."

ग्लेंडाला वाळत घातलेल्या कपड्यांपाशी सगळं ऐकू गेलं होतं. तिने एवढंच विचारलं की तिकडे गरम पाण्याची टाकी असलेलं घर देणार आहेत का, कारण गुडघ्याला रोज शेक लागतो. दुसऱ्या दिवशी तो आपला जुना ट्रक घेऊन निघाला. पेल्टियरची भट्टी बघायची राहून गेली.

पोर्ट अँगस सरोवरकाठचं गाव आहे, बोटींचं आणि कागदाच्या गिरणीचं. तिथल्या पायलट्स संघाचा प्रशिक्षक गॉर्ड विल्मॉट शब्दाला पक्का आणि बोलण्यात कोरडा. त्याने ओरेस्टला पहिल्याच दिवशी सांगितलं की शेवटच्या शनिवारचं माझ्या लक्षात आहे, मधल्या दिवसांत पक अडव. ओरेस्ट अडवत राहिला. पायलट्स खालून वर सरकत गेले. खोलीत सगळे त्याला म्हातारा म्हणत, आणि बूशे नावाचा कर्णधार दर सामन्याआधी त्याला विचारायचा की आज तू कोणाच्या निम्म्या पगारावर खेळतोस, आमच्या की त्यांच्या. ओरेस्ट म्हणायचा, आज डावा पाय तुमचा आणि उजवा त्यांचा. उजवा गुडघा जास्त दुखायचा. केटल क्रॉसिंगहून येणारा चेक वेगळ्या लिफाफ्यात यायचा आणि तो उघडताना त्याला चमत्कारिक वाटायचं, पण बँकेत दोन्ही सारखेच जमा होत.

शेवटच्या शनिवारपर्यंत अशी स्थिती आली की पायलट्स जिंकले तर बाद फेरीत जाणार, हरले तर हंगाम तिथेच संपणार. मिलर्सची जागा आधीच पक्की झालेली होती. म्हणजे ओरेस्ट जिंकला तर त्याचा शेवटचा सामना दुसऱ्याच कुठल्या तरी गावात होणार, आणि हरला तर इथे, मनात धरला होता तिथेच. हा त्याचा शेवटचा हंगाम हे तोवर गावभर झालं होतं, त्यामुळे हा पेच त्याच्या आधी गावाच्या लक्षात आला. पेट्रोल पंपावर, दुकानात, ग्लेंडाच्या बसच्या थांब्यावर लोक त्यावरच बोलत होते. एका बाईने ग्लेंडाला बसच्या दारातूनच विचारलं की आता तुझा नवरा काय करणार. ग्लेंडा म्हणाली, पक अडवणार, दुसरं त्याला येतं काय.

केटल क्रॉसिंगचं मैदान जुनं आहे. नव्या मैदानांत दोन्ही संघांचे बाक एकाच बाजूला, शेजारी शेजारी असतात. इथे ते समोरासमोर आहेत. पूर्वेच्या भिंतीला यजमानांचा बाक, त्याच्या बरोबर डोक्यावर मोठं घड्याळ. पाहुण्यांचा बाक पश्चिमेला, गरम हवेचा झोत जिथे पोचत नाही तिथे. ओरेस्ट पश्चिमेच्या बाकावर आयुष्यात पहिल्यांदा बसला आणि तिथे थंडी वाजते अशी पाहुण्यांची तक्रार इतकी वर्षं आपण हसण्यावारी नेली, याची त्याला थोडी शरम वाटली.

सामना सुरू होण्यापूर्वी तो आपल्या जाळ्यापुढचा बर्फ स्केटच्या पात्याने या कडेपासून त्या कडेपर्यंत खरवडायला लागला, नेहमीसारखा, म्हणजे पाय धरतो. लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. त्याने खरवडणं थांबवलं नाही. समोरच्या जाळ्यात ल्यूकन नव्हता. पेल्टियरने त्याला बाद फेरीसाठी राखून ठेवलं होतं आणि तिसऱ्याच एका पोराला उभं केलं होतं. ल्यूकन पूर्वेच्या बाकाच्या टोकाला, दारापाशी बसला होता.

ओरेस्ट चांगला खेळला. हे नंतर सगळ्यांनी मान्य केलं. त्याच्या जागेत आलेल्या नव्या बचावपटूनेच त्याच्यावर एक गोल केला, लांबून, आणि पहिला गोलही काही ओरेस्टच्या चुकीचा नव्हता. शेवटच्या टप्प्यात मिलर्स दोन, पायलट्स एक असं होतं.

अशा वेळी करायचं ते ठरलेलं असतं. एका गोलने मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटाला आपला गोली काढून घेतो, जाळं मोकळं सोडतो आणि त्याच्या बदली एक जादा हल्लेखोर आत पाठवतो. गोलीने धावत आपल्या बाकापर्यंत यायचं. तो अगदी जवळ पोचला की दुसऱ्याने फळीवरून उडी मारायची. विल्मॉटने सांगून ठेवलं होतं, मी ओरडणार नाही, या गोंगाटात तुला ऐकू येणार नाही, घड्याळात एक मिनिट उरलं आणि पक आपल्याकडे असला की नीघ.

पायलट्सनी पक पुढे नेला. ओरेस्टने वर घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट होतं. तो निघाला.

अवजड पॅड बांधलेला गोली धावताना फार सुंदर दिसत नाही, पण ओरेस्ट दुखऱ्या गुडघ्यांनीही वेगात गेला, मान खाली घालून. या बर्फावरून तो असा कितीतरी वेळा गेला होता. समोर दार उघडलं गेलं. वेळेवर, पुरतं, त्याच्या पॅडना अडणार नाही इतकं. त्याने एक पाय आत टाकला आणि बसायला वळला.

ल्यूकन कडी हातात धरून उभा होता. त्याने बाजूला सरकून जागाही केली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही एकाच वेळी कळलं.

"अरे देवा," ल्यूकन म्हणाला. "म्हाताऱ्या, मी..."

मागे उभ्या असलेल्या पेल्टियरचं लक्ष पकवर होतं. "बस, हॅव, बस, वाट अडवू नकोस," तो न बघताच म्हणाला. मग त्याने बघितलं.

बाकावरचा एक जण म्हणाला की बसू द्या, निम्मा पगार आपणच देतो, निम्मं बूड टेकायला काय हरकत आहे. पण हसलं कोणी नाही, कारण तेवढ्यात शिट्टी वाजली. पश्चिमेच्या बाजूला जादा हल्लेखोराने ओरेस्ट जाळं सोडताना बघून अंदाजाने उडी मारली होती. त्यांचा गोली अख्ख्या बर्फाच्या रुंदीइतका लांब, शत्रूच्या दारात, आणि मैदानावर एक माणूस जास्त. पंचाने दोन बोटं वर केली: दोन मिनिटांची शिक्षा. सामन्यात तेवढी उरलीच नव्हती.

ओरेस्ट परत आपल्या जाळ्यात जाऊन उभा राहिला. पायलट्स एक माणूस कमी घेऊन धडपडले आणि हरले. भोंगा वाजला तेव्हा लोक पुन्हा उभे राहिले, पण या वेळी टाळ्या वाजवाव्यात की नाही हे त्यांना ठरवता येईना. सामना संपल्यावर गोली ओळीत सर्वांत शेवटी हस्तांदोलन करतो. पेल्टियर त्याच्यासमोर आल्यावर म्हणाला की तुला पाठवायलाच नको होतं. ओरेस्ट म्हणाला, नसतं पाठवलंस तर मी त्या दाराशी बसलो असतो, एवढाच फरक. ल्यूकनने त्याचा हात सोडला नाही. आपली चूक झाली, सवयीने कडी निघाली, असं तो तीन-चारदा म्हणाला. ओरेस्टने त्याला सांगितलं की दार चांगलं उघडलंस, असंच उघडायचं.

पाहुण्यांच्या खोलीत सगळे हेल्मेट पायाशी टाकून बसले होते. आठ-नऊ पोरं अशी होती की त्यांच्यासाठी बाद फेरी म्हणजे पुढच्या वर्षीचा करार. ओरेस्ट मधोमध उभा राहिला, पॅड न काढता, आणि म्हणाला की चूक माझी, मी घड्याळ बघितलं आणि घड्याळाकडे गेलो. विल्मॉट म्हणाला की घड्याळ बघ असं मीच सांगितलं होतं. बूशे बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत बसला होता. मग त्याने विचारलं, निदान त्यांच्या बाकावर ऊब आहे का? ओरेस्ट म्हणाला, आहे. एक जण हसला, मग दुसरा, आणि बाकीच्यांनी मोज्यांवरची टेप सोलायला सुरुवात केली.

बाहेर ग्लेंडा उभी होती. तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर मोठं झाकणाचं भांडं होतं, कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून शिजवलेल्या होलुब्त्सींचं. हरो वा जिंको, लांबच्या बसला या घरून जेवण जातं. मिलर्सच्या बसला कित्येक वर्षं गेलं, या वर्षी पायलट्सच्या. तिने त्याला आधी गुडघा कसा आहे ते विचारलं. मग म्हणाली, "गावात विचारतील. मुद्दाम केलंस का?"

"मुद्दाम केलं असतं तर जरा नीट केलं असतं. एखादा सोपा गोल सोडला असता. कोणाला कळलंही नसतं."

"हेच सांगते मग."

"नको. काही सांगू नकोस."

ती बरं म्हणाली. विल्मॉट बसपाशी आला आणि ओरेस्टला म्हणाला की घर इथेच आहे तर थांब, तुझा ट्रक आणि सामान कोणीतरी पोचवेल, हंगाम तर संपला. ओरेस्टने घराच्या दिशेला पाहिलं. चालत गेला असता तरी जेवण गार व्हायच्या आत पोचला असता. शेवटचा सामना इथे खेळायचा होता, खेळून झाला होता. गावात घरी जाणंच काय ते उरलं होतं.

"बसनेच येतो," तो म्हणाला. "या पोरांना अख्ख्या रस्त्यात कोणाला तरी शिव्या घालायच्या असतील. मी नसलो तर एकमेकांना घालतील."

त्याने भांडं दोन्ही हातांनी उचललं. ग्लेंडाने झाकण दोरीने बांधलं होतं. ती म्हणाली की पेल्टियरचा भट्टीसाठी पुन्हा फोन येऊन गेला, मेहुण्याला तो खडखडाट सापडत नाही म्हणे.

"पट्टा नसेल मग. पंख्याचं बेअरिंग गेलं असेल. मंगळवारी परत येतो, बुधवारी बघतो म्हणावं."

"आणि पैसे?"

"घेणार. पूर्ण."

मैदानाबाहेर दोन बस उभ्या होत्या, एक पायलट्सची आणि एक दूरच्या खेड्यांतून आलेल्या मिलर्सच्या प्रेक्षकांची. ओरेस्ट भांडं घेऊन निघाला तसा बूशे पायरीवरून ओरडला, "हॅव, ही. ही बस. ती नव्हे."

"दिसतंय मला."

"मगाशी पण दिसत होतं."

बूशेने खाली उतरून भांड्याचा एक कान धरला आणि दोघांनी मिळून ते आत चढवलं.